पत्रिकेवरची ती एक ओळ : सुलेखनी फाँट निवडण्यापासून छापण्यापर्यंत

तुळशीचं लग्न लागलं की पुण्याच्या पेठांतल्या छापखान्यांत लग्नपत्रिकांची रांग लागते. त्याआधी गणपती मंडळांचे अहवाल झालेले असतात, दिवाळी पहाटेचे फलक झालेले असतात. वर्षभर मुंजी, बारशी, वास्तुशांत, एकसष्टी चालूच. या प्रत्येक कामात एखादी ओळ अशी असते की साध्या अक्षरात ठेवली तर कोरडी वाटते. ‘शुभविवाह’, ‘सस्नेह निमंत्रण’, मैफलीचं नाव, गायिकेचं नाव. त्या ओळीसाठी जाड-बारीक रेघांचा, बोरूच्या वळणाचा फाँट शोधायची वेळ येते. डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं मांडून छपाईला तयार करण्याचं काम, नुकतंच शिकू लागलेल्यांसाठी, आणि घरच्या कार्याची पत्रिका स्वतःच करायला बसलेल्यांसाठी हे लिहितो आहे.

माझं सांगणं थोडक्यात असं: फाँट त्याच्या नमुन्याच्या पानावरून निवडू नका, तुमच्या मजकुरातले शब्द लावून निवडा. नमुन्याच्या पानावर ‘अ आ इ ई’ आणि एखादं गोड वाक्य असतं. त्यात सगळेच फाँट देखणे दिसतात. तुमच्या पत्रिकेत मात्र ‘कुऱ्हाडे’ असतात, ‘ॲड.’ असतात, ‘कीर्ती’ असते. परीक्षा तिथे होते.

आधी बोरूची चाल ओळखा

सुलेखनी फाँट म्हणजे हाताच्या लेखणीची चाल साच्यात बसवलेली. ती चाल डोळ्यांत बसली नसेल तर चांगला-वाईट फाँट वेगळा काढता येत नाही. बोरूचं टोक चपटं आणि तिरकं कापलेलं असतं. देवनागरीसाठी तो ज्या कोनात धरतात, त्यामुळे वरून उजवीकडून खाली डावीकडे येणारी रेघ जाड पडते आणि वरून डावीकडून खाली उजवीकडे जाणारी बारीक. रोमन अक्षरांच्या रुंद निबेच्या परंपरेत हे बरोबर उलटं असतं. म्हणून रोमन वळणाच्या सवयीतून काढलेली देवनागरी चटकन ओळखू येते: ‘र’चा खाली उजवीकडे उतरणारा पाय बारीक होत जाण्याऐवजी जाडजूड झालेला दिसतो. आजचे काही अक्षररचनाकार मुद्दाम तसं करतात आणि ते छानही दिसतं, पण पारंपरिक कार्याच्या पत्रिकेला ते वळण परकं वाटतं.

हे पडद्यावर शिकण्यापेक्षा कागदावर करून पाहा. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास कुठल्याही कलासाहित्याच्या दुकानात कट निब किंवा बोरू मिळतो. ‘र’, ‘म’, ‘क’, ‘श्री’ एवढंच पानभर गिरवा. हात सुंदर चालायची गरज नाही. कुठे जाड, कुठे बारीक हे बोटांना कळलं की पुरे. आणि पुण्यात राहून जुनी अक्षरं न पाहणं म्हणजे हातचं सोडणं आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात (स्थापना १९१७) हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात (स्थापना १९१०) मोडी कागदपत्रं आहेत. मोडी लिहिणारे आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ ओढून घेत आणि मग अक्षरं तिला टांगत जात. शिरोरेषा हा ओळीचा कणा कसा असतो, हे ती कागदपत्रं एकदा पाहिली की पक्कं बसतं. पुढे अक्षरांतल्या अंतराबद्दल जे सांगणार आहे त्याचं मूळ हेच.

कुठून घ्यायचा

सुरुवातीला पैसे घालू नका. गूगल फाँट्सवर देवनागरीचे बरेच खुले फाँट आहेत आणि ते व्यावसायिक कामातही वापरता येतात. जे आधी पाहावेत असे काही:

‘अमिता’ उभ्या, सुट्या सुलेखनी वळणाचा आहे आणि त्याला जोडीची रोमन अक्षरंही आहेत, त्यामुळे दोन भाषांतल्या पत्रिकेला सोयीचा. ‘जैनी’ हा ‘एक टाइप’ नावाच्या संस्थेचा फाँट जैन कल्पसूत्राच्या हस्तलिखितांतल्या अक्षरवळणावर बेतलेला आहे. त्याचंच ‘जैनी पूर्व’ हे भावंड जुनी अक्षररूपं वापरतं. देवळातल्या उत्सवाला, कीर्तनाला, शास्त्रीय संगीताच्या मैफलीला ‘जैनी’ शोभतो. ‘जैनी पूर्व’ मात्र जपून वापरा, कारण त्यातली काही अक्षरं आजच्या वाचकाला अडतात. ‘रोझा वन’ सुलेखनी म्हणता येणार नाही, पण जाड-बारीक रेघांतला फरक त्यात इतका ठळक आहे की मोठ्या मथळ्याला तो भारदस्तपणा आणतो. ‘कलम’ आणि ‘तिल्लाना’ घरगुती, अनौपचारिक वळणाचे. बारशाला, वाढदिवसाला बरे. लग्नपत्रिकेच्या मथळ्याला मी ते लावणार नाही.

छापखान्यात तुम्हाला जुन्या पद्धतीचे, युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर सारख्या चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या) आधीचे फाँटही भेटतील. त्यांत देखणी वळणं आहेत यात वाद नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा की त्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला आणि तिथे तो फाँट नसला, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. व्हॉट्सॲपवर आलेला युनिकोड मजकूर त्यात सरळ चिकटवताही येत नाही, आधी रूपांतर करावं लागतं आणि रूपांतरात जोडाक्षरं बिघडू शकतात. नवशिक्याने युनिकोडच धरावं.

चाचणीची ओळ

इथे घाई करू नका. संगणकावर एक फाइल कायमची करून ठेवा आणि प्रत्येक नवा फाँट आधी तिच्यावर लावून पाहा. माझ्या फाइलीत साधारण हे शब्द असतात:

॥ श्री गजानन प्रसन्न ॥ शुभविवाह, विठ्ठल, महाराष्ट्र, ज्ञानेश्वर, लक्ष्मी, हृदय, ऋतुजा, कृष्णा, रुक्मिणी, रूपाली, सिद्धी, विद्या, द्वारका, कीर्ती, मूर्तींची, गोऱ्हे, कुऱ्हाडे, ॲड., डॉ., ऑक्टोबर, बाळ, चि. सौ. कां., १५८९

आता एकेक का, ते सांगतो.

‘गोऱ्हे’ आणि ‘कुऱ्हाडे’मध्ये जो अर्धा ‘र’ आहे तो रफार म्हणून डोक्यावर जाता कामा नये. तो आडव्या लहरीसारखा ‘ह’ला लागून दिसला पाहिजे. मराठीत हा फरक अर्थ बदलतो: आचार्यांना बोलावणं वेगळं आणि आचाऱ्यांना बोलावणं वेगळं. हिंदीला हे रूप फारसं लागत नसल्यामुळे काही फाँटमध्ये त्याच्याकडे लक्ष दिलेलं नसतं. तिथे ‘ऱ’खाली नुक्त्यासारखा टिंब आणि हलन्त दिसतो, किंवा लहर शिरोरेषेला न लागता अधांतरी राहते. आडनावात हे झालं तर फाँट बाद, मग तो बाकी कितीही सुंदर असो.

‘ॲ’ हे चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या किंवा फक्त हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या फाँटमध्ये त्या जागी रिकामी चौकट दिसते, नाहीतर संगणक गुपचूप दुसऱ्या फाँटमधलं अक्षर आणून बसवतो. हा दुसरा प्रकार जास्त फसवा, कारण घाईत लक्षातच येत नाही. पत्रिकेत ‘ॲड.’ नसले तरी ‘ॲण्ड सन्स’ किंवा ‘ॲकॅडमी’ कुठेतरी निघतंच.

‘मूर्तींची’ हा शब्द मुद्दाम घेतला आहे. त्यात ‘त’वर दुसरी वेलांटी, तिच्यावर रफार, त्यावर अनुस्वार, तिन्ही एकाच जागी गोळा होतात. सुलेखनी फाँटमध्ये वेलांटीचा फाटा लांब, झोकदार असतो; तो रफारात घुसतो का, अनुस्वार वेगळा दिसतो का, हे मोठं करून पाहा. ‘रु’ आणि ‘रू’ यांतला फरक हातभर अंतरावरून कळायला हवा. ‘सिद्धी’, ‘विद्या’, ‘द्वारका’ या जोडाक्षरांत ‘द’ मोडून हलन्त दिसत असेल तर फाँटचं काम अपुरं समजावं.

‘ल’ आणि ‘श’ यांचं रूप पाहायचं ते मराठी डोळ्याने. आपल्याकडे पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ची सवय आहे, हिंदी छपाईत यांची वेगळी रूपं रूढ आहेत. ‘शुभविवाह’ या शब्दाचं पहिलंच अक्षर ‘श’ असल्यामुळे चुकीचं रूप ओळीच्या तोंडाशीच खटकतं. अंकांतही ५, ८, ९ यांची मराठी आणि हिंदी वळणं निराळी असतात. काही फाँटमध्ये दोन्ही रूपं भरलेली असतात आणि सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की मराठी रूप येतं. ही सोय पुष्कळांना ठाऊक नसते आणि चांगला फाँट उगीच नाकारला जातो.

शेवटी तुमच्या कामातली सगळी नावं याच फाइलीत टाका. वधूवरांची, आईवडिलांची, कार्यालयाचं नाव. ज्या फाँटमध्ये ती नावं नीट बसतात, तो तुमचा फाँट.

सॉफ्टवेअरची तयारी

फाँट निर्दोष असूनही ‘श्री’ फुटून दिसत असेल, वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जात असेल, तर दोष बहुधा सेटिंगचा. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या पर्यायांत ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडावा लागतो. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत आणि इलस्ट्रेटरमध्येही मजकुराच्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये जाऊन भारतीय लिप्यांचा पर्याय चालू करावा लागतो. पर्यायाचं नाव आवृत्तीगणिक बदलतं, पण ‘वर्ल्ड-रेडी’ किंवा ‘साउथ एशियन’ असं काहीतरी दिसेल. कोरलड्रॉची फार जुनी आवृत्ती असेल तर युनिकोड देवनागरी तिच्यात नीट जुळत नाही. मग शीर्षक दुसरीकडे तयार करून आणलेलं बरं.

ओळ लावताना

पहिला नियम: अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. इंग्रजी शीर्षकात अक्षरं दूर दूर ठेवायची पद्धत आहे, तीच देवनागरीत केली की शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि शब्द शब्द राहत नाही. ओळ लांब हवी असेल तर माप वाढवा किंवा शब्दांमधली जागा वाढवा. अंतर कमीही करू नका, कारण मग शिरोरेषेची टोकं एकमेकांवर चढतात, आणि अक्षराला थोडी पारदर्शकता दिलेली असली तर त्या जागी गडद डाग दिसतात.

दुसरा: अक्षर ताणू नका. फ्लेक्सवर ओळ कडेपर्यंत पोचवायची म्हणून अक्षरं आडवी ओढली जातात. आडवं ओढलं की उभे काने फुगतात आणि शिरोरेषा तेवढीच राहते. म्हणजे ज्या जाड-बारीक प्रमाणासाठी हा फाँट घेतला तेच गेलं. सॉफ्टवेअरच्या बटणाने केलेला खोटा ठळकपणा आणि खोटा तिरकेपणाही तसाच. फाँटला ठळक वजन असेल तर ते वापरा, नसेल तर नाही.

तिसरा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: हा फाँट तीन-चार शब्दांपुरताच. मुहूर्त, पत्ता, ‘आपले नम्र’ खालची नावं साध्या, वाचनीय अक्षरात ठेवा. आजोबांना चष्मा लावून वेळ शोधावी लागली तर पत्रिकेचं कामच झालं नाही. मजकुरासाठी ‘तिरो देवनागरी मराठी’ मला पारंपरिक कामात आवडतो. त्या फाँटच्या हिंदी, मराठी आणि संस्कृत अशा वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत, त्यामुळे ‘ल’-‘श’ची चिंता नाही. आधुनिक मांडणी असेल तर ‘मुक्ता’. सुलेखनी मथळ्याच्या शेजारी दुसरा सुलेखनी फाँट कधीच नको.

दोन ओळींचं शीर्षक असेल तर वरच्या ओळीतले उकार आणि खालच्या ओळीतल्या वेलांट्या एकमेकांत अडकतात. ओळींतलं अंतर वाढवून हे सुटतं, पण फार वाढवलं की शीर्षकाचे दोन तुकडे होतात. त्याऐवजी ओळ कुठे तोडायची, कुठली वर ठेवायची ते बदलून पाहा. ‘स्वरसंध्या’ वरती आणि ‘दिवाळी पहाट’ खाली ठेवल्यावर अडत असेल, तर ओळींची अदलाबदल केली की ‘दिवाळी’तल्या वेलांट्यांना वर मोकळी जागा मिळते आणि प्रश्न सुटतो.

इंग्रजी नावं सोबत हवी असतील तर रोमन सुलेखनी फाँटमध्ये सगळी अक्षरं मोठ्या लिपीत लावू नका. त्या फाँटची मोठी अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला एकदाच येण्यासाठी काढलेली असतात. सलग लावली की नुसत्या गाठी दिसतात. हर्मान झाप्फ यांच्या झाप्फिनो (१९९८) सारख्या फाँटमध्ये एकेका अक्षराची अनेक रूपं, लांब शेपटांची, झुलत्या फाट्यांची असतात. सगळी एकाच नावात वापरायचा मोह होतो. नावामागे एक झोकदार अक्षर भरपूर होतं. शिवाय देवनागरी आणि रोमन यांचा जाड-बारीक रेघांचा कोन उलट असल्यामुळे दोन्ही ओळी सारख्याच नटलेल्या असल्या की पानावर ओढाताण दिसते. एक नटलेली ठेवा, दुसरी साधी.

छापायला देण्याआधी

बारीक रेघ किती बारीक उरते याचा हिशेब करा. समजा, तुमच्या फाँटची सर्वांत बारीक रेघ अक्षराच्या मापाच्या साठाव्या भागाएवढी आहे. ३६ पॉइंटच्या शीर्षकात ती ०.६ पॉइंट होते, ठीक आहे. तोच फाँट १४ पॉइंटला आणला तर रेघ ०.२३ पॉइंट उरते. ऑफसेटला पाव पॉइंटपेक्षा बारीक रेघ देऊ नये असा छपाईतला सर्वसाधारण दंडक आहे. गडद लाल किंवा मरून पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर सोडायचं असेल तर शाई कडेने पसरून रेघ खाते, म्हणून तिथे किमान अर्धा पॉइंट धरा. सोनेरी फॉइल आणि स्क्रीन प्रिंटिंगला त्याहून थोडी जाड रेघ सुरक्षित. खडबडीत हातकागद निवडला असेल तर आणखी. पत्रिकेचा कागद आधी ठरवा, मग फाँटचं माप. उलट क्रमाने गेलात तर काम पुन्हा करावं लागेल.

फाइल देताना शीर्षक कर्व्ज करून (अक्षरांचं आकृतीत रूपांतर करून) द्या, म्हणजे छापखान्याच्या संगणकावर फाँट नसला तरी बिघडत नाही. कर्व्ज केल्यावर मोठं करून शिरोरेषा तपासा. देवनागरी फाँटमध्ये प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं आणि ते तुकडे किंचित एकमेकांवर चढलेले असतात. साध्या काळ्या अक्षरात ते दिसत नाही. अक्षराला बाहेरून सोनेरी कड दिली की प्रत्येक जोडावर उभी रेघ उमटते, आणि कोरलमध्ये ‘कम्बाइन’ केलं तर जोडांच्या जागी पांढरी भोकं पडतात. उपाय सोपा आहे: कर्व्ज केल्यावर कोरलमध्ये ‘वेल्ड’ करा, इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचं ‘युनाइट’, शब्द एकसंध झाला की मग कड द्या. मूळ टाइप केलेली फाइल वेगळी जपून ठेवा. कर्व्ज झालेल्या शब्दात ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करता येत नाही, आणि नावातली वेलांटी चुकली आहे हे नेहमी प्रूफ गेल्यावरच कुणाच्या तरी ध्यानात येतं. प्रूफ खऱ्या मापात छापून भिंतीला लावा, चार पावलं मागे जाऊन वाचा, आणि नावं ज्यांची आहेत त्यांना वाचायला द्या.

परवान्याचं

गूगल फाँट्सवरचे वर सांगितलेले फाँट खुल्या परवान्याचे आहेत: पत्रिकेत, फलकावर, ग्राहकाच्या कामात बिनधास्त वापरा, फक्त फाँटची फाइल स्वतंत्रपणे विकू नका. इतर संकेतस्थळांवर ‘फुकट’ लिहिलेल्या फाँटसोबतची परवान्याची फाइल उघडून वाचा. ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असं लिहिलं असेल तर पैसे घेऊन केलेल्या कामात तो चालत नाही. फाँट काढणाऱ्याने एकेका जोडाक्षरावर मान मोडून काम केलेलं असतं. त्याचे पैसे द्यायला काचकूच करू नये.

फाँट पुरत नाही तेव्हा

फाँटमध्ये प्रत्येक ‘म’ सारखाच असतो. ‘ममता’ लिहिलं की दोन ‘म’ हुबेहूब जुळे दिसतात. हाताने लिहिणारा दुसरा ‘म’ जरा वेगळा वळवतो. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी रेखाटलेली शीर्षकं पाहिलीत तर प्रत्येक नाटकाचा स्वभाव त्या अक्षरांत उतरलेला दिसतो. र. कृ. जोशी (१९३६–२००८) आणि अच्युत पालव यांचं सुलेखनही जरूर पाहा. एका दिवसाच्या कार्यक्रमाला फाँट पुरेसा आहे. पण संस्थेचं नाव, दिवाळी अंकाचं शीर्षक, दुकानाची पाटी, असं वर्षानुवर्षं राहणारं काम असेल तर सुलेखनकाराकडे जा.

जाताना तयारीने जा. नावाचं नक्की शुद्धलेखन, ते कुठे कुठे लागणार (लेटरहेडवर किती लहान, पाटीवर किती मोठं), एका रंगात छापायचं की अनेक, आणि कधी हवं, हे कागदावर लिहून न्या. तुम्हाला आवडलेले दोन-तीन फाँट त्याच नावात लावून सोबत ठेवा. कुठलं वळण मनात आहे हे त्यावरून त्यांना लगेच कळतं. मानधन आणि पुढच्या वापराचे हक्क आधीच बोलून घ्या, आणि काम झाल्यावर मूळ कागदाचं मोठ्या मापातलं स्कॅन आणि व्हेक्टर फाइल (कितीही मोठी केली तरी न फुटणारी), दोन्ही मागून घ्या.